जादा पाटा

आमच्या गाडीचा आवाज आधी यायचा आणि गाडी मागून यायची. साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. त्यावर मागची चाकं चढली की ‘कुईंऽऽ’ आणि उतरली की ‘कुईंऽऽक’. तेवढ्यावर घरात टीव्हीवरची मालिका जाऊन बातम्या लागायच्या, चहाचं आधण चढायचं, आणि मी दारात पाऊल टाकेपर्यंत सगळे साळसूद चेहरे करून बसलेले असायचे. माझ्या घराला केवढी शिस्त आहे, असं मी बरीच वर्षं चारचौघांत सांगत होतो.

गाडी म्हणजे पिकअप. पुढे दोघं, मागच्या सीटवर तिघं आणि त्यामागे उघडा हौदा. माझा धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. हिवाळ्यात महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीची खोकी, उन्हाळ्याच्या तोंडाला तासगावला द्राक्षांची आणि बेदाण्याची. कुणी विचारलं तर मी म्हणतो, ‘पॅकेजिंगमध्ये आहे.’ आईला विचारलं तर ती म्हणते, ‘रिकामी खोकी इकतो.’ दोन्ही खरं आहे, पण लोकांच्या लक्षात आईचंच राहतं.

आवाज यायचा तो मागच्या पाट्यांचा. मागच्या दोन्ही चाकांवर वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकीखाली एक बांधलेल्या असतात, वरची लांब, खालची तोकडी. खड्डा आला की त्या दबतात, एकमेकींवर सरकतात आणि गाडीतल्या माणसाची हाडं वाचवतात. सरकताना मध्ये गंज असेल तर त्या ओरडतात. माझ्या पाट्यांना महाबळेश्वरच्या पावसाचा गंज होता आणि त्यावर तासगावची धूळ बसलेली. दोन्हीकडचं त्यांनी भरपूर घेतलं होतं.

मला त्या आवाजाचं काही वाटत नसे. वाटायला लागलं ते आईच्या गुडघ्यांमुळे.

आईचे दोन्ही गुडघे झिजलेले. साताऱ्यात डॉक्टर नाहीत असं नाही, पण आईचं माहेर तासगावच्या बाजूचं, आणि तिकडच्या माणसाचा एक पक्का समज असतो की दुखणं मोठं असेल तर ते मिरजेलाच दाखवायचं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, की सांधे बदलले तर चालणं सुधारेल, नाही बदलले तर हळूहळू कमी होत जाईल. काय करायचं ते आजींनी ठरवावं. आजींनी ठरवावं हे शेवटचं वाक्य मी बहुधा नीट ऐकलं नाही. बाहेर पडता पडता मी बहिणीला फोन केला, मामाला केला, खोक्यांच्या कारखान्यात पण सांगितलं, की आईचं ऑपरेशन करतोय.

आई ‘व्हय व्हय’ म्हणाली. मग थंडी सुरू झाली, थंडीत जखमा लवकर भरत नाहीत. मग कुणाचं तरी लग्न निघालं. मग आणखी काहीतरी. एक दिवस मी फारच मागे लागलो तेव्हा ती म्हणाली, “आदी तुज्या गाडीचं ते कुईकुई बंद कर. मग माज्या गुडघ्याचं बग.”

“त्याचा काय संबंध?”

“मिरजंपातुर त्या आवाजात बसून यायचं म्हंजी गुडघ्याच्या आदी डोक्याचं आपरेशन करावं लागंल.”

“म्हणजे आवाज बंद झाला की येशील?”

“यीन की.”

“नक्की?”

“आरं यीन म्हटलं न्हवं?”

शेगडीपुढे उभी असलेली माझी बायको हे ऐकून आमच्याकडे पाठ करून हसली. मला वाटलं, ती आईच्या विनोदाला हसली. मी मात्र अट मनावर घेतली.

पाट्यांवर आमच्याकडे सगळ्यात पहिला उपाय म्हणजे जळकं ऑइल. इंजिनातून काढलेलं काळं तेल ब्रशने पाट्यांना फासायचं. कुठल्याही गॅरेजपुढे उभे राहा आणि ‘पाटे वाजतायत’ असं म्हणा, तिथे चहा पीत बसलेला माणूस, त्याचा गाडीशी काही संबंध नसला तरी, ‘जळकं मारा’ म्हणतो. मी मारलं. जुना पायजमा घालून गाडीखाली आडवा झालो, निम्मं तेल पाट्यांना आणि निम्मं मला लागलं. दोन दिवस गाडी अगदी गप्प. मी आईला म्हटलं, “आता?” ती म्हणाली, “दोन दीस जाऊ देत.”

दोन दिवसांनी मी तासगावच्या बागांत खोकी द्यायला गेलो. त्या कच्च्या रस्त्यांवरची सगळी धूळ त्या ओल्या तेलावर येऊन बसली. पाट्यांच्या मध्ये असा काही चिखल झाला, की परत येताना कुईकुईच्या जागी ‘खर्रऽऽ’ सुरू झालं, पाट्यावर वरवंटा फिरवल्यासारखं. कुईकुईला निदान सूर होता.

आईला दया आली असावी. तिने कोनाड्यातली बाटली काढून माझ्या हातात दिली. तिच्या गुडघ्यांना चोळायचं निरगुडीचं तेल होतं ते, मीच कुठून तरी आणलेलं.

“हे घाल. माज्या गुडघ्याला काय फरक पडला न्हाई. तुज्या पाट्याला पडतोय का बग.”

ती चेष्टा करत होती. पण त्या दिवसांत मी अशा अवस्थेत होतो, की ती बाटली मी खरोखर पाट्यांत ओतली. दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरच्या वाटेवर घाटात गाडी तापली आणि सगळीकडे त्या तेलाचा वास सुटला. स्ट्रॉबेरीवाल्या शेतकऱ्याने खोकी उतरवून घेताना दोनदा नाक ओढलं आणि विचारलं, “गाडीला सांधेदुखी आहे का हो?”

यानंतर आठवड्याभरात एक तिसरा आवाज आला. प्रत्येक खड्ड्याला ‘टक्’. आता मात्र मी एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या पाटेवाल्या मिस्त्रीकडे गेलो. आधीच जायला हवं होतं, पण त्याच्याकडे गेलं की तो फार बोलतो, आणि त्याच्यापुढे मला बोलायला मिळत नाही.

मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली, खाली वाकून बघितलं आणि नाकाला रुमाल लावला.

“काय घातलंय ह्यात?”

“निरगुडीचं तेल.”

“मग आता शेक द्या की वाळूनं!” तो हसत हसत गाडीखाली शिरला आणि खालूनच बोलत राहिला. पाट्यांच्या टोकांना रबरी बुश असतात, रबराला तेल चालत नाही, तेल पिऊन ते फुगतं, मऊ पडतं, मग बोल्ट आत हलतो आणि टकटक करतो. म्हणजे तो तिसरा आवाज मी स्वतः मेहनतीने तयार केला होता.

पाटे सुटे करताना तो थांबला.

“ह्यात एक पाटा जादा हाय. काय माल भरताय तुमी?”

“खोकी.”

“भरलेली?”

“रिकामी.”

तो गाडीखालून बाहेर आला आणि माझ्याकडे बघत टायरवर बसला. “रिकामी खोकी. म्हंजी हवा. आन् हवंला जादा पाटा? कुनी घातला ह्यो?”

“तुम्हीच.”

“मी?” त्याने पुन्हा वाकून पाट्यांकडे पाहिलं. “घातला आसंल मी. पन घालायला सांगितलं कुनी?”

आता ते मला सांगावं लागलं. गाडी नवी होती तेव्हा तासगावच्या मार्केटात मी ती द्राक्षांच्या पिकअपच्या रांगेत उभी केली होती. त्या सगळ्या गाड्या जादा पाटा घातलेल्या, मागून उचललेल्या, उडी मारायच्या तयारीत असल्यासारख्या. माझी तेवढी त्यांच्यात खाली बसलेली. मला ते लागलं. साताऱ्याला आल्या आल्या मी या मिस्त्रीकडे आलो आणि जादा पाटा घालून घेतला. गाडी मागून छान उचलली गेली. मग त्या हौद्यात वर्षानुवर्षं मी पुठ्ठा भरला. वजनच नाही, त्यामुळे पाटे नीट दबायचेच नाहीत. दबायचे नाहीत म्हणून मागे बसणाऱ्याला खड्डा न् खड्डा लागायचा.

“आन् ह्ये बगा,” मिस्त्रीने पाट्याचं टोक दाखवलं. “हितं प्लास्टिकच्या चकत्या आसत्यात. पाट्यावर पाटा घासू नये म्हनून. त्या कुटं गेल्या?”

“मला काय माहीत?”

“जादा पाटा घालताना मावल्या नसतील, मग काडून टाकल्या आसतील कुनीतरी,” तो आभाळाकडे बघत म्हणाला. ‘कुनीतरी’ कोण यावर आम्ही दोघांनीही फार चर्चा केली नाही.

मग त्याने नीट काम केलं. जादा पाटा काढला. बाकीचे तारेच्या ब्रशने घासून लखलखीत केले, टोकांना पडलेल्या खाचा घासून सपाट केल्या, नव्या चकत्या बसवल्या, मधून कोरडं काळं ग्राफाइट लावलं. नवे बुश घातले. मी सवयीने तेलाचा डबा उचलला तर “आवं, ठेवा त्यो!” म्हणून ओरडला. गाडी जॅकवरून खाली चाकांवर घेतली आणि मगच बुशांचे बोल्ट आवळले, कारण गाडी टांगलेली असताना आवळलं तर खाली आल्यावर रबर पिळून बसतं. निघताना म्हणाला, “आठवडाभर चालवा. मग हौद्यात चांगलं वजन घाला, गाडी उभी करा आन् सगळं परत एकदा आवळा. पाना हाय न्हवं? इसरू नका. आन् वजन म्हंजी वजन. खोकी न्हवं.”

जादा पाटा मी घरी आणला. का आणला, माहीत नाही. पैसे दिलेली वस्तू होती.

त्या संध्याकाळी गाडी गतिरोधकावरून गेली आणि काहीही झालं नाही. मी दारात पोचलो तेव्हा टीव्हीवर मालिका जोरात होती, बायको पाय वर घेऊन शेंगा खात होती, आणि आई तिला त्या मालिकेतली सून कशी आतल्या गाठीची आहे ते समजावत होती. दोघी माझ्याकडे भूत पाहिल्यासारख्या बघत राहिल्या. मी म्हटलं, “आवाज बंद झाला.” आईने दारातून गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा काही उजळला नाही. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

पुढच्या आठवड्यात आम्ही मिरजेला निघालो. मार्च लागला होता, बेदाण्याचे दिवस. मी एकटा पुढे, मागे आई आणि बायको. आईला पाय लांब करता यावे म्हणून ती नेहमी मागे बसते आणि तिच्यासोबत बायको. आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात, आणि या दोघींचं आत्या-भाचीसारखंच गूळपीठ. मागे त्यांचं सतत काहीतरी चालू असतं हे मला आरशात दिसायचं. काय चालू असतं ते पाट्यांमुळे कधी ऐकू आलं नव्हतं.

उंब्रजच्या अलीकडे मी खुशीत येऊन गुणगुणायला लागलो. मागून आई म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात, “ह्यो गातोय का रडतोय गं?”

“गातायत,” बायको म्हणाली. “मघापास्नं तेच चाललंय.”

“त्येचा बा बी असाच. गळा न्हाई आन् हौस लय.”

मी गुणगुणणं थांबवलं. मागे वळून काही बोलणार होतो, पण आरशात बघितलं तर दोघींची डोकी एकमेकींकडे झुकलेली, चेहरे मोकळे. इतक्या वर्षांची सवय. आवाज गेला होता, पण तो त्यांच्या अंगात अजून होता. त्यांना वाटत होतं, मला ऐकू येत नाही.

मग मी काय करावं? रस्त्याकडे बघत राहिलो.

कऱ्हाड येईपर्यंत माझ्या ज्ञानात बरीच भर पडली. मी ट्रकला ओलांडून जातो तेव्हा आई डोळे मिटून देवाचं नाव घेते. माझा तो भगवा-पिवळा शर्ट हरवलेला नाही, त्याची पायपुसणी झाली आहे. माझ्या धाकट्या मेहुण्याला मी विनोदी वाटत नाही. तो माझ्या विनोदांना हसतो ते बहिणीच्या संसाराकडे बघून.

कऱ्हाड मागे पडलं, आम्ही तासगावच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे ऊस. आई बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, “मला वाटलं हुतं, ह्येच्यानं काय हुयाचं न्हाई.”

“कशाचं?”

“त्या आवाजाचं. लगीन झाल्यापास्नं तू बी बगतीस न्हवं? खिळा मारायला गेला तर भिताड पाडतोय. म्हटलं, आवाज काय बंद हुत न्हाई आन् मला मिरजंला जायाला लागत न्हाई. तर ह्येनं जलमात एक काम पुरं केलं, ते नेमकं हेच.”

बायको खळखळून हसली. मग तिचं हसू थांबलं. “म्हणजे आत्या, तुम्हाला करायचंच नाहीये?”

आई पुन्हा बाहेर उसाकडे बघायला लागली. मी गाडीचा वेग कमी केला. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेवला, म्हणजे इंजिनाचा आवाज फार होऊ नये.

“भिताय का?”

“कापाकापीला? चार बाळतपनं केली मी, त्यातलं एक गाडीतळावर. कापाकापीला कोन भितंय?” जरा थांबून ती म्हणाली, “खाली बसायचं न्हाई म्हनत्यात त्येच्यानंतर. पल्याडच्या गल्लीतलीनं केलंय न्हवं? चालती चांगली. पन देवळात खुर्ची, जेवायला खुर्ची, हळदी-कुकवाला खुर्ची. आन् बेदान्याच्या ढिगाला मी कुटं बसू गं? खुर्ची टाकून? मुकादमावानी?”

“बसलात खुर्चीवर तर काय झालं?”

“आगं, समद्या खाली बसून बोलत्यात. वर बसलेल्या बाईला कोन काय सांगतंय?”

हे बेदाण्याचं सांगायला हवं. मामाची द्राक्षाची बाग आहे आणि बागेच्या कडेला बेदाणा वाळवायची जाळीची शेड. माल वाळला, की जमिनीवर ताडपत्री टाकून त्यावर बेदाण्याचा ढीग ओततात आणि बायका भोवती गोल बसून निवडतात. देठ काढायचे, काळा दाणा बाजूला करायचा. बागा झाल्या तेव्हापासून दरवर्षी आई त्या दिवसांत माहेरी जाते आणि त्या ढिगाला बसते. ती मालकाची बहीण, तिला कुणी बसायला सांगत नाही, पण तिच्याशिवाय ढीग सुरू होत नाही. हात देठात आणि तोंड गावात. कुणाची सून, कुणाचं दुखणं, कुणाच्या पोराने पुण्यात काय केलं, सगळं त्या ढिगावर निवडलं जातं. वर्षभर साताऱ्यात ती आमच्याजवळ असते, पण तिची खरी माणसं तिथे असतात. अलीकडे तिला खाली बसवायला दोघी लागतात आणि उठवायला तिघी, पण ती बसते.

मी दुसरा काहीच विचार न करता गाडी चालवत राहिलो, आणि एक खड्डा चुकवायचा राहिला. गाडी दबली, उठली. आवाज नाही.

“बग,” आई मागे म्हणाली, “मेल्यानं लय ब्येस काम केलंय.”

मिरजेला डॉक्टरांनी गुडघे तपासले, नवा फोटो पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “मग, तारीख बघायची का?” माझं ‘हो’ तोंडातून निम्मं बाहेर आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, “डॉक्टर, नंतर खाली मांडी घालून बसता येईल का?”

आईने माझ्याकडे वळून पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, “मांडी, जमिनीवर बसणं शक्यतो टाळायचं. खुर्ची, कॉट चालेल. चालतील-फिरतील व्यवस्थित. नाही केलं तर ते चालणं मात्र पुढे अवघड होत जाईल.”

“आई, काय करायचं?” मी विचारलं. हा प्रश्न मी तिला या प्रकरणात पहिल्यांदाच विचारत होतो, हे बायकोच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

“बगू,” आई म्हणाली. आम्ही तारीख न घेताच बाहेर पडलो.

येताना मामाकडे जायचं ठरलेलंच होतं. आम्ही पोचलो तेव्हा शेडमध्ये ढीग लागला होता आणि सात-आठ बायका भोवती बसल्या होत्या. “आल्या गं आल्या,” “सरका जरा,” असा गलका झाला. जागा झाली. आई काठी टेकून ढिगाजवळ गेली आणि उभी राहिली. खाली जमिनीकडे बघत. दोघीजणी उठायला लागल्या तिला बसवायला.

मी मामाला म्हटलं, “मामा, गाडीच्या हौद्यात वजन घालायचंय. मिस्त्रीने सांगितलंय, वजन घालून बोल्ट आवळायला.”

“घाल की. खताची पोती हायत.”

“पोती नको. बेदाणा घालू.”

मामाने मुंडासं वर सरकवलं. “पाट्याला बेदाना लागतोय व्हय रं?”

“मऊ वजन पाहिजे म्हणाला.”

“मऊ वजन?”

“नवीन पद्धत आहे.”

मामा माणूस चांगला. वेडा भाचा म्हणून त्याने मला लहानपणीच मान्य केलेलं आहे. मी गाडी मागे घेत शेडमध्ये ढिगाजवळ लावली, हौद्याच्या तिन्ही बाजूंच्या फळ्या खाली पाडल्या, हौदा पुसला, धुतलेली ताडपत्री अंथरली. मग क्रेट भरभरून बेदाणा वर ओतला. हौदा आता चांगल्या लांबरुंद टेबलासारखा दिसत होता, उंची खुर्चीवरच्या माणसाच्या कोपराएवढी.

“आन् आता आमी काय गाडीत चडायचं?” एकीने विचारलं.

“खुर्च्या आणतो ना.”

घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, त्या पुरल्या नाहीत तशी क्रेट उलटी घातली. दोन तरण्या पोरींनी सांगितलं, की आम्ही खालीच बऱ्या, आणि उरलेल्या मालाजवळ खाली बसून राहिल्या. पण मेंढरं राखणाऱ्या घरातली एक म्हातारी, जी दरसाल पूर्वेकडून या कामाला येते, ती आधी खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “आत्ता! माजी कंबर म्हनतीया, इतकी वर्सं कुटं हुता?” आई तिच्याशेजारी बसली. हात पुढे केला. हात पोचला.

मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो. तेवढं करणं भागच होतं. खालून मला फक्त पायच पाय दिसत होते, आणि वर बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. कुणाची तरी सून माहेरी जाऊन बसली होती, त्याची चर्चा झाली. मग म्हातारीने विचारलं, “काय म्हनला गं डाक्टर?”

“गुडघं बदला म्हनला.”

“मग?”

“मग काय? खाली बसायचं न्हाई म्हनला त्येच्यानंतर.”

“मग आत्ता कुटं बसलीयास?”

वर नुसता बेदाणे क्रेटमध्ये पडल्याचा आवाज येत राहिला. मी शेवटचा बोल्ट आवळला आणि तसाच पडून राहिलो.

“आरं,” वरून आईचा आवाज आला, “झालं का तुजं आवळून?”

“झालं.”

“मऊ वजन घालून?”

“हो.”

“मग भाईर ये की. का तितंच ऱ्हातोस?”

संध्याकाळी परत निघालो. आरशात बघितलं तर आई थेट आरशातच बघत होती, म्हणून मी पुन्हा रस्त्याकडे बघायला लागलो. बऱ्याच वेळाने ती बायकोला म्हणाली, दुपारपेक्षा थोडं मोठ्याने, “आगं, येवडा बेदाना संपू दे. मग त्या डाक्टरला फोन लाव म्हनावं.”

“बरं.”

“आन् म्होरल्या साली म्हैनाभर ही गाडी तिकडंच हुबी ऱ्हाईल म्हनावं. खोकी कशातनं न्यायची ती ने म्हनावं.”

“कुणाला म्हणावं आत्या?”

“डायवरला.”

मी कऱ्हाडच्या पुढे आल्यावर गुणगुणायला सुरुवात केली. बायकोने फक्त खिडकीची काच वर केली.

आईचं ऑपरेशन बेदाणा संपल्यावर झालं. डॉक्टरांनी रोज थोडं थोडं चालायला सांगितलं, एखादी खूण ठरवून तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं. आमच्या घरामागे पडवीच्या टोकाला मी तो काढलेला जादा पाटा भिंतीला टेकवून ठेवला आहे. आई काठी घेऊन पडवीतून त्या पाट्यापर्यंत जाते, त्याला हात लावते आणि परत येते. सुरुवातीला मध्ये दोनदा थांबायची, आता थांबत नाही. मी एकदा म्हटलं, भंगारवाला आलाय, देऊन टाकू का?

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “इतक्या वर्सांत आत्ता कुटं कामाला लागलाय.” आणि माझ्याकडे बघून हसत पुढच्या फेरीला निघाली.